सात वाजताचा ग्लास

४ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं. "महोदया, जलशुद्धीकरण केंद्रातील कर्मचारी या नात्याने आपणास विनंती करण्यात येते की..." अशी सुरुवात आहे. खाली तुझी सही, शेपटी लांब ओढलेली, शाळेच्या वह्यांवर सराव करायचीस तशीच. आम्हा बावन्न जणांना एकच मजकूर गेलाय हे मला समजतं. चौकशी समितीच्या अध्यक्षबाई सख्ख्या बहिणीसाठी वेगळा कागद कशाला काढतील? पण सहा वर्षांनी तुझ्याकडून आलेला पहिला कागद मला महोदया म्हणतो, याचं हसू आलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "किती नीटनेटकं लिहिते, नाही?"

त्या चार दिवसांत मी काय पाहिलं असं तू विचारलंयस. घे, लिहून.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला शहरात आवई उठली की नळाचं पाणी बिघडलंय. कुठून उठली ते मला ठाऊक नाही. आमच्या फाटकासमोरच्या बेकरीवालीनं मळलेलं सगळं पीठ टाकून दिलं आणि दुकान बंद केलं. ते बघून शाळेनं पोरांना घरी पाठवलं. पोरं भर सकाळी घरी आली म्हटल्यावर आयांची खात्रीच पटली. बारा वाजता शहरातला एकूण एक नळ उघडा होता. पाण्यात विष आहे म्हणणारेच बादल्या भरत होते, कारण आता पाणी बंद करतील, त्याआधी असेल ते धरून ठेवा. संध्याकाळपर्यंत पुरणारी टाकी दोन वाजता तळाला गेली. टेकडीवरच्यांच्या नळाला थेंब येईना. त्यांना वाटलं खालच्यांनी पळवलं. खालच्यांना वाटलं टेकडीवाल्यांना आधीच खबर लागली होती.

आमचा चावीवाला खालच्या भागाचं पाणी बंद करताना लोकांच्या हाती सापडला. रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडबंद करतो तो. तू त्याला ओळखत नाहीस, तू गेल्यावर कामाला लागला. त्याचीच लोखंडी चावी हिसकावून लोकांनी त्याचा उजवा हात मोडला.

बुधवारी बाटल्यांच्या पाण्याची गाडी लुटली. पाण्यानंतर दूध, दुधानंतर पीठ, पिठानंतर हाताला लागेल ते. पोलिसांच्या घरीही नळ आणि पोरंबाळं होतीच, ते आपापल्या घरी गेले. दुपारी गोदामाला आग लागली. बंब आला, पण बंबाला पाणी कुठून मिळणार? सात घरं गेली. माझे पांढरे कोट शिवणारी शिंपीणबाई त्यातल्या एका घरात होती. गुरुवारी पाणी खरोखरच बिघडलं आणि दवाखाना भरून वाहू लागला. शुक्रवारी बाहेरून टँकर आले, त्यांच्या मागे सैनिक आले.

मंगळवारचं पाणी चांगलं होतं. माझ्या नोंदवहीत आहे, बघून घे.

महोदया, प्रयोगशाळा


११ मे

ताई,

काल सुनावणीत तू मला विचारलंस, "नाव, हुद्दा?" मी सांगितलं. तू लिहून घेतलंस. शेजारच्या गृहस्थानं तुझ्याकडे वाकून काहीतरी विचारलं, तू मान हलवलीस. बहीण आहे का असं विचारलं असणार. मान कुठल्या दिशेनं हलली ते मला कळलं नाही, पण आडवीच हलली असणार असं धरून मी घरी आले.

तुझ्यापुढच्या टेबलावर बाटलीतलं पाणी होतं. आमच्या सगळ्यांच्या ते लक्षात आलं.

संध्याकाळी तू वीस मिनिटं घरी आलीस. त्या वीस मिनिटांसाठी आई दोन दिवस खपत होती. खिडक्यांचे पडदे धुतले, आणि तेही टँकरच्या पाण्यानं. तुझ्या खोलीतला पलंग मांडून ठेवला, तुझी राहायची सोय विश्रामगृहात आहे हे माहीत असून. मी रोज त्या घरात झोपते, माझी उशी फाटून चार महिने झाले. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, त्यातली गत. तू गेल्यावर आई तुझा कप न धुता तसाच ठेवून बसली होती. मी धुतला. अंमळ जोरात धुतला, कान तुटला त्याचा.

मला तुझा हेवा वाटतो, हे आता लिहूनच टाकते. तुला ते कळत नसेल असं मी कधी मानलं नाही, पण तू कळल्याचं दाखवत नाहीस आणि त्यानं जास्त जळफळाट होतो. तेराव्या वर्षी शिष्यवृत्ती घेऊन वसतिगृहात गेलीस तेव्हापासून या घरात तुझी पत्रं आणि माझी कामं असाच हिशोब आहे. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा दोन वर्षं त्यांची नखं मी कापली. ते गेले आणि तू तिसऱ्या दिवशी आलीस, शोकसभेत उभी राहिलीस आणि सगळा हॉल रडवलास. नखं मी कापली, रडवलं तू. मी तेव्हा तुला काय म्हणाले ते दोघींनाही पाठ आहे.

तुझं पुस्तक मी वाचलंय. आईनं शेजारणीला द्यायच्या आधी वाचून घेतलं. समाज कशानं कोसळतो याची अकरा कारणं, अकरा प्रकरणं. वीज जाईल, साथ येईल, पिकं बुडतील, यंत्रं माणसांच्या हाताबाहेर जातील. सगळं कसं मोठं मोठं. माझ्यासारख्या बाईला त्यात कुठेच जागा नाही. मी दिवसभर चंचुपात्रात पाणी घेते, दोन थेंब औषध टाकते, पिवळसर झालं की क्लोरीन पुरेसं आहे असं लिहिते. शितावरून भाताची परीक्षा, एवढंच माझं काम.

तरी एक गोष्ट मी तुला शिकवू शकते, ती तुझ्या पुस्तकात नाही. गुरुवारी पाणी का बिघडलं? नळ भरलेला आणि दाबाखाली असतो तोवर गळक्या जोडातून पाणी बाहेर जातं. नळ रिकामा झाला की तोच जोड बाहेरची घाण आत ओढतो. लोकांनी घाबरून टाकी उपसली म्हणून पाणी घाण झालं. भीती आधी आली आणि विष नंतर. हे तुझ्या अहवालात घाल, माझं नाव नको.

बाबांच्या ग्लासाबद्दलही तू पेपरात बोललीस. असो, तो विषय नको.

धाकटी


१९ मे

ताई,

अहवालाचा मसुदा आमच्या सूचना फलकावर लागला. पान चार: "संबंधित चावीवाल्याने कोणत्याही लेखी आदेशाशिवाय खालच्या भागाचा पुरवठा बंद केला. ही कृती अफवेला पुष्टी देणारी आणि पुढील हिंसाचाराची पहिली ठिणगी ठरली." त्याची नोकरी जाणार आणि वर खटला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. फलकासमोर लोक उभे होते आणि साहेब म्हणाले, "बाईंनी अगदी नेमकं बोट ठेवलंय." तुझ्या बोटाचं इतकं कौतुक की विचारू नकोस.

लेखी आदेश नव्हता, कारण आदेश तोंडी होता. मी दिला होता. दोन वाजता टाकीचा काटा खाली आलेला पाहिला, साहेब जागेवर नव्हते, दवाखान्याची टाकी भरेना. मी त्याला फोन केला, "खालची चावी बंद करा, दवाखान्याला तरी मिळू दे." तो म्हणाला, "बाई, लोक रस्त्यावर आलेत." मी म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे." तो गेला.

सुनावणीत मी हे सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. तू विचारलंस, "आपण त्या वेळी काय करत होता?" मी म्हणाले, "नमुने तपासत होते." तेही खरंच होतं. तुझ्यापुढे, त्या माईकपुढे, "चूक माझी" असं म्हणायला जीभ रेटेना. दुसरं कुणीही त्या खुर्चीत असतं तर म्हणाले असते. म्हणजे असं मी स्वतःला सांगते.

आता मसुदा बदल. एवढंच.

धाकटी


२३ मे

ताई,

एवढंच नाही.

काल चावीवाल्याच्या घरी गेले होते. दोन खोल्या, दारात त्याचे रबरी बूट. हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातानं त्यानंच दार उघडलं. बायको समोर आली नाही. मी म्हणाले, "माझा फोन आला होता हे तुम्ही सुनावणीत का नाही सांगितलंत?"

तो म्हणाला, "तुमचं नाव कसं घेऊ? तुम्ही सातच्या ग्लासवाल्यांची पोर. माझ्या आईनं त्यांच्याकडे बघून आम्हाला पाणी पाजलंय."

मी उठून बाहेर आले. बुटांना अडखळले. घरी येऊन हा कागद घेतला.

ग्लासाचं तुला माहीत आहे, तू पेपरात सांगितलंस. तरी पहिल्यापासून लिहिते, म्हणजे मला मधूनच पळता येणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी साथ आली, माणसं मेली, नंतर पाणी शुद्ध झालं तरी लोक नळाला तोंड लावेनात. तेव्हा बाबा रोज सकाळी सातच्या भोंग्याला केंद्राच्या फाटकात येऊन, समोरच्या बसथांब्यावरच्या माणसांदेखत, फाटकाच्या नळाचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन प्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या नियमात नाही. ते अंथरुणाला खिळल्यावर ग्लास माझ्याकडे आला. मी आठ वर्षं रोज प्यायले, तापातसुद्धा. बसवाले घड्याळ लावतात त्यावर. बेकरीवाली ग्लास पिऊन झाला की मगच मळलेल्या पिठाचे पाव भट्टीत घालते.

त्या मंगळवारी पावणेसातला मी आले तेव्हा फाटकावरच्या रखवालदारकाकांच्या हातात पेपर होता. तुझी मुलाखत, अर्धं पान, फोटोसकट. त्यांनी मला हौसेनं वाचून दाखवली. "लहानपणी मी रोज सकाळी वडिलांचा हात धरून फाटकात उभी असायचे. ते एका दमात ग्लास संपवायचे. विश्वास म्हणजे काय ते मी तिथे शिकले." काकांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "थोरल्या ताईंनी काय सोनं केलंय बाबांचं."

ताई, तिथे मी असायचे. पाचव्या वर्षापासून मी. तू वसतिगृहात होतीस. आणि बाबा कधीच एका दमात प्यायचे नाहीत. आधी ग्लास उजेडात धरायचे, मग तीन घोट, आणि शेवटी ग्लास पालथा करून दाखवायचे. एका दमात म्हणणारं माणूस तिथे नव्हतंच, हे मला शपथेवर सांगता येतं. घरातलं सगळं तू नेलंस, मी काही बोलले नाही. आईचं लक्ष नेलंस, बाबांची शोकसभा नेलीस. तो एक ग्लास माझा होता, आणि तोही तू अर्ध्या पानात छापून घेतलास.

भोंगा झाला. मी ग्लास भरला, उजेडात धरला. पाणी स्वच्छ होतं. थांब्यावर वीसेक माणसं होती आणि त्यांतल्या दोघांच्या हातात तोच पेपर. मला वाटलं, ही माणसं आता माझ्याकडे बघत नाहीत, तुझ्या गोष्टीकडे बघताहेत. मी ग्लास तोंडापर्यंत नेला आणि खाली आणला. सगळं पाणी जमिनीवर ओतलं आणि आत निघून गेले.

बेकरीवाली दारात उभी होती.

नऊ वाजता पहिला फोन आला तेव्हा मला परत फाटकात जाऊन एक ग्लास पिता आलं असतं. दहा वाजताही आलं असतं. मी नमुना परत तपासला, पाणी उत्तम होतं, आणि मी खुर्चीत बसून राहिले. लोकांना आज माझ्या ग्लासाची किंमत कळतेय असं वाटून मनातल्या मनात बरं वाटत होतं. हे मी खोडणार नाही, बरंच वाटत होतं. बारा वाजता बाहेर गेले तेव्हा रस्ता माणसांनी भरला होता आणि ग्लास बघायला कुणी थांबलं नसतं.

शिंपीणबाईनं शिवलेला कोट माझ्या अंगावर होता.

तुझ्या पुस्तकात अकरा कारणं आहेत. बारावं तुला घरातच मिळालं असतं. चावीवाल्याचं नाव काढ. त्या जागी माझं घाल, पूर्ण नाव, हुद्दा. आणि पहिली ठिणगी दोन वाजताची नव्हे, सातची, हेही दुरुस्त कर.

धाकटी


२९ मे

ताई,

तुझं पत्र आलं. या वेळी वर "धाकटे" आहे. खाली दोनच ओळी: "चावीवाल्याचं नाव काढलं. मी तिथे होते, आईला विचार."

विचारलं. आई तुझी कात्रणं चिकटवत बसली होती. डोकं वर न करता म्हणाली, "साथीच्या वर्षी ना? तेव्हा तू पाळण्यात होतीस. तुझे बाबा एकटे जायला घाबरायचे. थोरलीला बरोबर न्यायचे, तिचा हात घट्ट धरायचे, आणि गटकन एका दमात पिऊन टाकायचे. घरी आले की ओकारी यायची त्यांना, भीतीनं. पाच-सहा वर्षं गेली, मग कुठे सवय झाली, मग घोट घोट प्यायला लागले."

मी विचारलं, "मला हे कधी का सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू आलीस की भांडी आपटतेस."

तिनं कात्री मागितली, दिली. तर तू खोटं बोलली नव्हतीस. तू घाबरलेले बाबा पाहिलेस, मला धीट बाबा मिळाले. चांगले माझ्या वाट्याला आले आणि मला पत्ताच नव्हता. आता मात्र तू त्यांना घाबरलेलं पाहिलंस याचाही मला हेवा वाटतो. माझं हे असंच आहे, ते काही या वयात सुटणार नाही.

साहेबांनी मला निलंबनाचा कागद सोमवारी मिळेल म्हणून सांगितलंय. पुढे खटला होईल, होऊ दे. चावीवाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याची बायको या वेळी समोर आली आणि तिनं दार लावून घेतलं.

आता कामाचं. नळ धुऊन झाले, जोड बदलले, गेले पाच दिवस पाणी पहिल्यासारखं आहे. पण कुणी पीत नाही. टँकर उद्यापासून बंद होणार. काल टँकरपाशी पुन्हा हाणामारी झाली, दोन डोकी फुटली. नळ बाजूला वाहतोय आणि माणसं टँकरसाठी भांडताहेत. नवीन रखवालदारानं सातला फाटकात उभं राहून पाणी प्यायचा प्रयत्न केला तर थांब्यावरून कुणीतरी म्हणालं, "याला पगार मिळतो प्यायचा." मी प्याले तर दगड येतील, आणि त्यांचं काही चुकत नाही.

तू पी. तुझ्यावर विश्वास आहे लोकांचा. पेपरात तुझा फोटो येतो, तू बाहेरची आहेस आणि त्यांचीही आहेस. सोनारानंच कान टोचावे लागतात. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले, तेव्हा नाही म्हणू नकोस. आणि ती बाटली विश्रामगृहातच ठेवून ये.

हे पत्र आजच विश्रामगृहात पोचवते. उद्या सकाळी सातला ये. ग्लास धुऊन फाटकाच्या कट्ट्यावर ठेवते, त्याच्या काठाला एक टवका उडालाय, ती बाजू ओठांना लावू नकोस. सहा वाजता मी पाणी शेवटचं तपासेन आणि ठीक असेल तरच हिरवं फडकं कट्ट्यावर ठेवेन. मग थांब्यावर जाऊन उभी राहीन, लोकांमध्ये. आजवर तिथून कधी पाहिलेलं नाही.

तीन घोटांचा नाद करू नकोस. लोक घाबरलेले आहेत, घाबरलेल्या लोकांना एका दमात प्यालेलंच पटतं. तुला ते माहीत आहे, मला नव्हतं.

लोक तुझ्यावर विश्वास ठेवतील. तुला माझ्यावर ठेवावा लागेल. मी तपासलेलं पाणी आहे ते, आणि मला तुझा किती हेवा वाटतो हे तुझ्याकडे आता लेखी आहे.

पिऊन झालं की ग्लास मला परत दे.

धाकटी